उ. क.

पोटात दुखायला लागलं तर ओवा चावता येतो. पण दुसऱ्याला मिळालेली खुर्ची पाहून दुखायला लागलं तर त्यावर कोणत्याच वैद्याकडे पुडी नसते, आणि उकंडा मिस्त्रीचं दुखणं नेमकं तेच होतं.

बोंडअळीनं अख्खा जिल्हा पोखरला, त्या सालची ही गोष्ट. पांढरकवड्याहून हमरस्त्यानं थोडं पुढं गेलं की पंजाबरावांची जिनिंग लागायची. पत्र्याच्या लांब गाळ्यात दोन रांगांत अठरा यंत्रं. वरून कापूस पडायचा, चामड्याचे रोलर रुई ओढून घ्यायचे, पाती सरकी झोडून खाली पाडायची. या यंत्रांचे मालक पंजाबराव असतील, पण उकंडाच्या मनानं ती त्याचीच होती. बावीस वर्षं त्यानं त्यांची चामडी बदलली, पाती घासली. कोणतं यंत्र कुठं कण्हतंय हे तो डोळे मिटून सांगायचा. अंगठ्याचं एक नख त्यानं सात नंबरच्या यंत्राला देऊन टाकलं होतं, आणि उजवा कान गाळ्यातल्या आवाजाला. त्याची तक्रार नव्हती. एवढं दिल्यावर माणसाला मान मिळतो अशी त्याची समजूत होती, आणि दिवाळीपर्यंत ती खरीही होती.

दिवाळीनंतर नेमसिंग आला. पस्तिशीचा, दिग्रसकडच्या तांड्यातला, शेतकीची पदवी घेतलेला. आवारात आलेल्या कापसाची पारख करायची हे त्याचं काम. ओल मोजायचं यंत्र लावायचं, धाग्याची लांबी पाहायची, रंग पाहायचा. त्याच्यासाठी आवाराच्या कोपऱ्यात एक खोली बांधली, तिला खिडकी काढली, आत गोल फिरणारी खुर्ची ठेवली आणि वर पंखा टांगला. त्याला चहा कपबशीत जायचा. मिस्त्रीचा चहा स्टीलच्या गिलासात, तोही कपबशी पोचल्यावर. ऐन थंडीत पंखा कशाला, असं कोणीतरी म्हणावं म्हणून उकंडानं पंधरा दिवस वाट पाहिली. कोणी म्हटलं नाही.

त्यात हा माणूस गाळ्यात कधी पाऊलच टाकायचा नाही. दारापर्यंत यायचा, नाकाला रुमाल लावायचा, आत एक नजर टाकायचा आणि मागच्या मागं वळायचा.

"कपडे मळतीन ना साहेबाचे," उकंडा म्हणायचा आणि हातातला हातोडा उगाचच पात्याच्या बोल्टवर दोनदा जोरात हाणायचा.

इथवर सगळं चालण्यासारखं होतं. नव्या सुनेला आणि नव्या साहेबाला थोडे दिवस मिरवू द्यावं लागतं. पण डिसेंबरात त्या चिठ्ठ्या सुरू झाल्या.

कापसाच्या प्रत्येक गंजीला, म्हणजे ढिगाला, नेमसिंग एक चिठ्ठी करायचा. गंजी यंत्रातून रेचून झाली की रुई किती निघाली, सरकी किती पडली ते लिहून ती खोलीबाहेरच्या फळीवर टाचायचा. एके दिवशी उकंडाला एका चिठ्ठीच्या खालच्या कोपऱ्यात लाल शाईची दोन अक्षरं दिसली. उ. क. दुसऱ्या दिवशी तीन चिठ्ठ्यांवर तीच. आठवड्यात निम्मी फळी लाल झाली.

उकंडा सातवी शिकलेला होता. आपल्या नावाची सुरुवात ओळखायला तेवढं शिक्षण पुरे होतं. गंजी बिघडली की हा बाबा खाली आपलं नाव टाकतो! सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, लाल शाईनं! त्याच्या कानशिलात जाळ झाला. जाऊन विचारता आलं असतं. पण विचारायचं म्हणजे त्या खुर्चीसमोर उभं राहायचं, आणि त्यापेक्षा उकंडानं हात यंत्रात घातला असता.

घरी तर आणखीच वेगळी तऱ्हा. त्याची बायको कौसल्या त्याच जिनिंगीत होती. गाळ्याबाहेरच्या ओट्यावर चौदा बाया कापसातली काडी-कवडी वेचायच्या, त्यांची ती म्होरकी. सकाळी भाकरी थापताना ती म्हणाली, "दीपाचे बाबा, काल बी पोची आली हो. कापूस वरून दिसते पांढरा, पन सरकी बोटाले लागतच नाई. दाबली का चपटी. अळीनं आतून खाऊन टाकली."

"बायाचं काम काडी येचाचं. सरकीचं मले शिकवू नको."

"शिकवून नाई राह्यली, सांगून राह्यली. नेमसिंगभाऊले बी सांगतलं. ते हसले. म्हने, ताई, सरकीचं दुखनं तेलाच्या घानीवाल्याले, आपलं काम रुईशी."

उकंडाचा घास हातातच राहिला. "भाऊ कधीपासून झाला थो तुया?"

"जवापासून 'तुमी' म्हनते तवापासून," कौसल्या तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "इतक्या वर्सांत या जिनिंगीत मले कोनी तुमी म्हनलं नव्हतं."

न म्हणणाऱ्यांत पहिला नंबर उकंडाचाच होता. दुसरी भाकर तशीच ठेवून तो उठला.

त्याच दिवशी दुपारी सात नंबरचा आवाज बदलला. एरवी पात्याखालून सरकी सुटताना टणटण असा आवाज यायचा. आज चुरचुर येत होती, वाळला पाचोळा तुडवल्यासारखी. उकंडानं खाली वाकून मूठभर सरकी उचलली आणि त्यातली एक दाढेखाली धरली. चांगली सरकी कट् म्हणते आणि जिभेला तेल लागतं. ही फुस्स झाली. आत नुसता भुसा. दुसरी तशी, तिसरी तशी. वर रुईकडे पाहिलं तर पांढऱ्या रुईत टरफलाचे काळे बारके तुकडे मोहरीसारखे विखुरलेले.

त्याला क्षणात सगळं कळलं. पोची सरकी पात्याचा मार सोसत नाही. ती फुटते आणि तिची टरफलं रुईत जातात. असा कापूस वेगळा काढायचा, पाती सैल करायची, यंत्र हळू चालवायचं. दोन तासांचं काम. आणि हेही कळलं की सकाळी बायको बरोबर बोलली होती.

तो गाळ्याच्या दाराकडे निघालासुद्धा. पण समोर ती खिडकी दिसली, खिडकीत फिरती खुर्ची दिसली, फळीवर लाल अक्षरं दिसली. उकंडा थांबला. माल पास कोणी केला? साहेबानं. पारख कोणाची? साहेबाची. मग बुडू दे की! आपलं नाव लाल शाईत लिहिणाऱ्याला मालकानं एकदा सगळ्यांसमोर झापलेलं त्याला पाहायचं होतं, आणि ती इच्छा इतकी गोड होती की दाढेतल्या भुशाची कडू चवही तिनं मारून टाकली. चावलेल्या दोन-तीन सरक्या त्यानं खिशात टाकल्या आणि तो परत जाऊन सात नंबरला तेल द्यायला लागला. पाती त्यानं होती तशीच ठेवली. आठ दिवस तो त्या चुरचुरीत उभा राहिला आणि गप्प बसला.

नवव्या दिवशी सूतगिरणीनं रुईच्या गठाणींनी भरलेला ट्रक परत पाठवला.

पंजाबराव ओट्यावर आले. एक गठाण फोडायला लावली, मूठभर रुई उन्हात धरली. काळे ठिपके आंधळ्यालाही दिसले असते. त्यांनी साहेबाला आणि मिस्त्रीला बोलावलं. बाया हातातलं काम थांबवून बघायला लागल्या.

"हे काय हाय?"

"ओल बरोबर, धागा बरोबर," नेमसिंग वही उघडून म्हणाला. "कापूस आला तेव्हा त्यात हे नव्हतं. गाळ्यात होऊन राह्यलं, मालक."

"गाळा बावीस वर्सांपासून तोच हाय," उकंडा म्हणाला. "माल कोनं पास केला ते इचारा."

"पाती बघून घ्या एकदा, बाहेरचा मिस्त्री बोलावून."

"अन् पारख बी बाहेरून मागवा, पंख्याखाली बसून होत नाई ते."

पंजाबरावांनी दोघांकडे पाहिलं. एक पदवीचा, एक बावीस वर्षांचा. ऐन हंगामात यातला एकही हलवणं परवडणारं नव्हतं, आणि राग तर कुठेतरी उतरवायचाच होता. तो उताराकडे वाहत गेला. ते बायांकडे वळले.

"तुमी काय येचता इथं बसून? गोष्टी? एवढा कचरा आत जाते अन् चौदा जनींच्या अठ्ठावीस डोळ्यांले दिसत नाई?"

कौसल्या उभी राहिली. "मालक, हा कचरा नोहे, सरकी पोची हाय. आमी सांगतलं होतं."

"कोनाले?"

तिनं नेमसिंगकडे पाहिलं, त्यानं वहीत पाहिलं. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या बुटाला काळं ग्रीस लागलं होतं, तो त्याच्याकडे बघत होता. तोंड उघडलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण ते वाक्य साहेबालाही वाचवणारं होतं, म्हणून उकंडा बुटाकडेच बघत राहिला.

"सांगतलं होतं," कौसल्या एवढंच पुन्हा म्हणाली.

"उद्यापासून येऊ नका. येचाचं यंत्रच आनतो मी आता."

बायांनी पदराला चिकटलेला कापूस झटकला, डबे उचलले. त्यांतली पंचफुला तेवढी उठली नाही. तिच्या पुढ्यातली पाटी अर्धी वेचायची राहिली होती. ती तिनं पूर्ण वेचली, काडीचा ढीग बाजूला सारला आणि मग गुडघ्यावर हात टेकून उठली. तोवर सगळे खोळंबून उभे होते आणि तिला लवकर उठ म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

घरात कौसल्या काही बोलली नाही. रोजच्या वेळेला ताट वाढायची, धुतलेला शर्ट खुंटीला लावायची. भांडली असती तर उकंडाला उत्तर देता आलं असतं. बावीस वर्षं यंत्रांच्या गोंगाटात काढलेल्या माणसाला शांततेचं काय करायचं ते माहीत नव्हतं. दिवसा ती पाठ भिंतीला टेकून बसायची आणि तिची बोटं पदराच्या काठावरून फिरत राहायची, नसलेली काडी वेचत. दोन दिवस त्यानं हे पाहिलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फळीवर नवी चिठ्ठी होती. खाली लाल अक्षरं. उ. क.

उकंडा हातात पाना घेऊन तसाच खोलीत शिरला. "साहेब, माह्यावर राग असन तं तोंडावर बोला. चौदा बाया घरी बसवल्या, आता तरी माहं नाव लिवनं बंद करा!"

नेमसिंग खुर्चीतून उठला. पान्याकडे पाहून घाबरलाच होता तो. "कोणतं नाव?"

"हे. उ. क. उकंडा. मले काय वाचता येत नाई?"

नेमसिंगनं चिठ्ठी पाहिली, उकंडाकडे पाहिलं, आणि त्याला हसू फुटलं. पण समोरचा चेहरा पाहून ते तिथंच विरलं. "मिस्त्री, उतारा कमी. उतारा कमी लिहितो मी. क्विंटलमागं जेवढी रुई निघायला पाहिजे तेवढी निघत नाही, म्हणून खूण करून ठेवली. तुमचं नाव कशाला लिहीन?"

उकंडाच्या हातातला पाना खाली गेला. महिनाभर ज्या आगीवर तो शेकत होता, ती दोन शब्दांत विझली, आणि त्याला राग आला तो असा की आता कोणावर काढावा तेच कळेना.

"मंग मले इचारलं काहून नाई, उतारा कमी काहून म्हनून?"

"काय विचारू? मी दारात आलो की तुम्ही हातोडा हाणता. मला वाटलं माझ्यावर खुन्नस म्हणून पाती बिघडवून ठेवता, रुई सरकीलाच चिकटून जाते. मालकाला तसं सांगितलंसुद्धा मी."

मग उकंडानं खिशात हात घातला. शर्ट कालच धुतलेला होता, तरी सरक्या खिशात होत्याच. त्यानं एक टेबलावर ठेवून पान्यानं दाबली. भुसा सांडला.

"पोची," तो म्हणाला. "अळीनं खाल्लेली. हिच्यावर रुई बी थोडीच धरते. म्हनून उतारा कमी. अन् पात्याखाली फुटते म्हनून टरफल."

नेमसिंगनं तो भुसा बोटावर घेतला. "ताई हाच शब्द म्हणत होत्या. मी हसलो. सरकी म्हणजे निघून जाणारा माल, तिच्यात काय पाहायचं, असंच शिकलो मी. धागा पाहा, ओल पाहा." त्यानं वही ओढली आणि पानं उलटत गेला. परत आलेल्या गठाणींचे नंबर आणि लाल खुणांचे नंबर एकामागून एक जुळत गेले. एकही चुकला नाही.

"चला, तुमाले यंत्रावर दाखवतो," उकंडा म्हणाला.

गाळ्याच्या दारात नेमसिंग थबकला. रुमाल नाकाकडे गेला. उकंडाच्या ओठांवर जुनं वाक्य आलं होतं, पण त्याआधी नेमसिंगच बोलला. "माझ्या बापाची तीन बोटं जिनिंगीत गेली, मिस्त्री. मी डबा घेऊन गेलतो, माझ्यासमोर गेली. हा वास आला की पुन्हा तेच दिसतं."

तो रुमाल कपड्यांसाठी नव्हता तर! उकंडानं आपला नख नसलेला अंगठा मुठीत लपवला, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. "माह्या मागं या," तो म्हणाला. "मी जिथं पाय ठेवतो तिथंच ठेवा."

दुपारपर्यंत दोघांनी सात नंबरची पाती सैल केली, वेग कमी केला. रुई बरीच साफ आली. पण पूर्ण नाही, कारण चांगला आणि पोचा कापूस एकाच पाटीतून येत होता. तो हातानं वेगळा करायला हवा होता, आणि हे नेमसिंगच्या यंत्राला जमत नव्हतं, उकंडाच्या पान्यालाही नाही.

पंजाबराव आले. साफ रुई पाहिली, आधीची पाहिली. "कोनं शोधलं हे?"

"मिस्त्रींनी," नेमसिंग लगेच म्हणाला.

"शाब्बास रे पठ्ठे! उगाच नाई बावीस वर्सं ठेवला तुले." मालकाचा हात खांद्यावर पडला. गाळ्यातली सगळी माणसं पाहत होती. जे ऐकायला उकंडाचा एक कान दिवाळीपासून आसुसला होता ते आता त्यात पडत होतं, आणि वर साहेबाच्या तोंडून. गप्प राहणं त्याला चांगलं जमत होतं. आणखी एकदा राहिलं की झालं.

"मी नाई मालक," तो म्हणाला. "कौसल्यानं सांगतलं, दहा-बारा दिवस झाले. मी तिले उडवून लावलं. मंग मले बी समजलं, पन मी बोललो नाई. साहेबाची फजिती व्हावी म्हनून. बाया गेल्या तवा बी बोललो नाई."

मालकाचा हात खांद्यावरून निघाला. "तुले आत्ताच्या आत्ता काढला असता," पंजाबराव सावकाश म्हणाले, "पन बाकीच्या सतरा यंत्राची पाती कोन सैल करन? जाय, बाया घेऊन ये. तूच जाय."

तो गेला. घरोघर फिरला, प्रत्येक दारात मान खाली घालून तेच सांगितलं. कोणी पाणी दिलं, कोणी दिलं नाही. पंचफुलाच्या दाराला कुलूप होतं.

"ते तं सकाळीच गेली," शेजारची वच्छलाबाई म्हणाली. "भुरीबाई अन् पुष्पा बी गेल्या. तेलंगनात, मिरच्या तोडाले. मुकादमाची जीप आलती. बसून काय खाईन मानूस?"

"कधी येतीन?"

"होळीनंतर."

घरी येऊन त्यानं कौसल्याला सगळं सांगितलं. गाळ्यातलं, मालकासमोरचं, पंचफुलाच्या कुलपाचं. तिनं ऐकून घेतलं.

"तुमाले समजलं होतं ते मले माहीत होतं," ती म्हणाली. "शर्ट धुताना खिशात सरकी सापडली. चावलेली. धुऊन परत खिशात ठेवली मी."

"मंग मालकाम्होरं माहं नाव काहून नाई सांगतलं?"

"वाट पाहून राह्यली होती."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर अकरा बाया आल्या. नेमसिंगनं खोलीतली फिरती खुर्ची उचलून ओट्याशी आणून ठेवली, पण तिच्यावर कोणी बसलं नाही. शेवटी तिच्यावर वही ठेवली. कौसल्या मूठ दाबून कापूस डावी-उजवीकडे टाकत होती. नेमसिंग ते बघून बघून तिला विचारत होता, लिहून घेत होता. उकंडा गाळ्यातून बाहेर आला. बायकोपुढं वाकून बसलेला साहेब त्याला दिसला आणि पोटात पुन्हा बारीक कळ आलीच. इतक्या लवकर जाणारं दुखणं नव्हतं ते.

निवडून झालेला कापूस थोडाच साठला होता. अकरा जणींना चौदा जणींचं काम उरकेना, आणि गाळ्यात यंत्रं रिकामी फिरत होती. कौसल्याच्या शेजारी एक पाटी तशीच पडली होती, तिच्यापुढं माणूसभर जागा मोकळी. उकंडानं हात पँटला पुसले, त्या जागेत मांडी घातली आणि पाटी पुढं ओढली. बाया हातातलं थांबवून बघायला लागल्या. बावीस वर्षांत मिस्त्री ओट्यावर कधी बसला नव्हता. त्यानं पहिली मूठ उचलली आणि आता तरी बायको आपल्याकडे बघेल म्हणून तिच्याकडे पाहिलं.

कौसल्यानं हात न थांबवता म्हटलं, "उठा तिथून. पंचफुलाची जागा हाय ते."

उकंडा मूठ पाटीत परत ठेवून उठला.